ट्रेनिंग: शाळा की चाळणी?

आयटीतले चार लोक लग्नकार्यात नाहीतर ट्रेकला एकत्र आले की दहाव्या मिनिटाला ट्रेनिंगचा विषय निघतोच. कोण मैसूरूला होता, कोण त्रिवेंद्रमला, कोण चेन्नईच्या उकाड्यात सहा जणांच्या फ्लॅटमध्ये. घरचे ऐकून ऐकून वैतागतात. पण त्यांचा प्रश्न बिनतोड असतो: "चार वर्षं इंजिनियरिंग केलंत ना? मग कंपनीला परत शाळा कशाला काढावी लागते?"

"कॉलेजात काही शिकवतच नाहीत हो," असं सांगून आपण मोकळे होतो. गेले काही शनिवार-रविवार मी या कंपनी-शाळांचा इतिहास वाचत होतो, आणि प्रकरण कॉलेजांपेक्षा बरंच जुनं निघालं. सुरुवात होते चक्क दुकानातल्या गल्ल्यापासून.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जॉन पॅटरसन नावाचा गृहस्थ कॅश रजिस्टर बनवायचा. कंपनीचं नाव नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजे एनसीआर. दुकानदारांना हे यंत्र नको असायचं आणि नोकरांना तर त्याहून नको. ते गळी कसं उतरवायचं? १८८७ मध्ये एका चांगल्या विक्रेत्याचं बोलणं लिहून काढून त्याची पुस्तिका केली गेली, आणि बाकीच्यांनी ती पाठ करायची असा दंडक पडला. पुढे १८९०च्या दशकात पॅटरसनने विक्रेत्यांसाठी रीतसर शाळाच काढली. तयार विक्रेता बाजारात मिळत नाही, तो आपणच घडवायचा, हा विचार त्या काळात नवा होता.

या पॅटरसनच्या हाताखाली तयार झालेला एक माणूस म्हणजे थॉमस वॉटसन. पॅटरसनला माणसं जितक्या हौसेने घडवायची सवय होती, तितक्याच तडकाफडकी काढायचीही. वॉटसनलाही त्याने काढलं. वॉटसन १९१४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीत गेला आणि १९२४ मध्ये तिचं नाव झालं आयबीएम.

वॉटसनने एनसीआरची शाळा सोबत नेली म्हणायला हरकत नाही. १९३३ मध्ये, म्हणजे महामंदी ऐन भरात असताना, न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉटला त्याने शिक्षणासाठी स्वतंत्र इमारत उभी केली. तिच्या पायऱ्यांवर शब्द कोरलेले: विचार करा, निरीक्षण करा, चर्चा करा, ऐका, वाचा. मुलं गडद सूट घालून यायची आणि कंपनीची गाणी म्हणायची. (आपल्याकडच्या इंडक्शनमधल्या टाळ्यांचे पूर्वज हे असे!) १९३५ मध्ये पंचवीस पदवीधर मुलींची एक तुकडी घेतली गेली. ग्राहकाकडे जाऊन यंत्रं कामाला कशी लावायची हे त्यांना शिकवण्यात आलं.

यामागे धंद्याचं साधं गणित होतं. आयबीएम यंत्रं विकत नसे, भाड्याने देई. ग्राहकाला यंत्र वापरता आलं नाही तर ते परत येणार आणि भाडं बंद. त्यामुळे यंत्राबरोबर शिकलेला माणूस जाणं गरजेचं होतं. शिवाय मंदीतही वॉटसनने कारखाने चालू ठेवले होते. १९३५ मध्ये अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला, कोट्यवधी नोकरदारांचे हिशेब ठेवायची वेळ आली, तेव्हा यंत्रं आणि माणसं दोन्ही तयार असलेली कंपनी आयबीएमच होती.

प्रोग्रॅमर घडवण्याची मोठी शाळा मात्र निघाली शीतयुद्धामुळे. १९४९ मध्ये सोव्हिएत रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली आणि अमेरिकेने सेज नावाची हवाई संरक्षण यंत्रणा उभारायला घेतली. देशभरातल्या रडारची माहिती संगणकांवर आणायची, तीही त्याच क्षणी. संगणक आयबीएमने बांधले. पण प्रोग्रॅम लिहिणार कोण? तेव्हा संगणकशास्त्राची पदवी असलेला माणूस शोधून सापडला नसता, कारण तशी पदवीच नव्हती. १९५५ मध्ये हे काम रँड या संस्थेकडे आलं आणि १९५७ मध्ये त्यासाठी सिस्टीम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही वेगळी संस्था निघाली. तिथे माणसं घेतली ती कल चाचणी घेऊन. पदवी कशातली आहे, याला फारसं महत्त्व नव्हतं. शिकून तयार झालेले पुष्कळ लोक जास्त पगारावर खासगी कंपन्यांत निघून गेले. अमेरिकेतल्या पुढच्या कितीतरी मोठ्या प्रकल्पांवर ही सेजमध्ये हात बसलेली माणसं होती. एका परीने लष्कराच्या पैशाने साऱ्या उद्योगाचं ट्रेनिंग झालं.

आता आपल्याकडे येऊ. टीसीएस १९६८ची. पुण्यात इन्फोसिस सुरू झाली १९८१ मध्ये. मोठी लाट आली ती १९९०च्या दशकात, वायटूकेच्या कामांबरोबर. संगणकाची पदवी घेतलेली मुलं मोजकी आणि कामाचा डोंगर. मग मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल, जो दिसेल तो घ्या आणि शिकवा! विप्रोने १९९५ मध्ये बिट्स पिलानीबरोबर विज्ञान पदवीधरांना नोकरी करता करता एमएस करायची सोय काढली. टीसीएसने त्रिवेंद्रमला केंद्र काढलं. इन्फोसिसने मैसूरूला जवळपास साडेतीनशे एकरांवर गावच वसवलं. तिथली दुसरी मोठी इमारत सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हा एका वेळी सुमारे १४ हजार जणांना शिकवायची सोय झाली. एवढी पोरं आपल्याकडच्या कितीतरी विद्यापीठांच्या आवारातही नसतात.

मी या लाटेच्या शेपटाला लटकून आलो. मेकॅनिकलवाला, हातात लेथचं जर्नल आणि समोर कोबोल. कंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही. सकाळी लेक्चर, दुपारी लॅब, शनिवारी टेस्ट. कटऑफच्या खाली गेलात तर एक रि-टेस्ट, त्यातही राहिलात तर घरी. आमच्या बॅचमधला विदर्भातला एक मुलगा रि-टेस्टला तीन मार्कांनी राहिला. "घरी काय सांगू? गावभर पेढे वाटलेत," एवढंच तो बोलला. सहा महिन्यांनी नवीन प्रोजेक्ट आले, माणसं कमी पडायला लागली आणि पुढच्या बॅचचा कटऑफ दहा मार्कांनी खाली आला. म्हणजे तोच मुलगा, तेच मार्क, पण सहा महिन्यांनी आला असता तर पास!

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. माणसांचा तुटवडा असला की ट्रेनिंग ही शाळा असते आणि भरती ओसरली की तीच चाळणी होते. वर्ग तोच, प्रश्नपत्रिका तीच. बदलतो तो बाजार.

ट्रेनिंगची वेगळी रूपंही झाली. ऑस्टिनच्या ट्रिलॉजी कंपनीने १९९५ मध्ये स्वतःचं "विद्यापीठ" काढलं. तीन महिने रात्रंदिवस काम, शिकवायला थेट वरिष्ठ मंडळी आणि धोका पत्करायची सवय लागावी म्हणून लास व्हेगासची वारीसुद्धा! डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर तिथेही कर्मचारीकपात झालीच. फेसबुकने २००८ मध्ये सहा आठवड्यांचा बूटकॅम्प सुरू केला. त्यात नवा इंजिनियर पहिल्या दिवसांपासून खऱ्या कोडमधले बग सोडवायचा आणि शेवटी आपली टीम आपण निवडायचा. नव्या माणसाला निवड करू देणारी पद्धत मला तरी यात वेगळी वाटली. अर्थात तिथे पोचायला आधीच एक बारीक चाळणी पार करावी लागायची, हेही खरं.

चाळणीचं अलीकडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने मैसूरूच्या कॅम्पसमधून ३०० हून जास्त प्रशिक्षणार्थींना काढलं. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत आणि ही अट करारातच होती, असं कंपनीचं म्हणणं. त्यातले अनेक जण २०२२च्या बॅचचे होते. ऑफर लेटर हातात घेऊन दोनेक वर्षं वाट पाहिलेले. पुण्याच्या नाइट्स या कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. कायद्याचं काय व्हायचं ते होवो. पण दोन वर्षं थांबून आलेल्या मुलाला काही महिन्यांत परत पाठवताना "तू नापास झालास" एवढंच सांगणं मला अर्धसत्य वाटतं. त्याचं पास-नापास त्याच्या हुशारीवर जेवढं ठरतं, तेवढंच त्या तिमाहीत कंपनीकडे काम किती आहे यावरही ठरतं.

कंपनीने परीक्षाच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. महिनोन्महिने पगार देऊन शिकवायचं तर पारख करणारच. पण ही शाळा आहे की चाळणी, हे आत शिरण्याआधी कळायला हवं. म्हणून शेजारच्या, नात्यातल्या कोणा फ्रेशरने विचारलं तर मी आता सी की जावा यावर प्रवचन देत नाही. तीन गोष्टी विचारून घे म्हणतो: मागच्या बॅचमधले किती जण पास झाले, रि-टेस्ट किती मिळतात आणि सोडलं तर बाँडचे पैसे किती. एचआर आढेवेढे घेईल. तरी विचारायचं, आणि उत्तर मेलवर मागायचं.

आणि पेढे? ते खुशाल वाटावेत. फक्त कन्फर्मेशन लेटर आल्यावर.