‘गीतमाले’पूर्वीचे अमीन सायानी

अमीन सायानी हे नाव निघाले की ‘बिनाका गीतमाला’ आठवते आणि पुढे काही विचारावे असे कोणास वाटत नाही. आम्हांस मात्र त्याआधीची वर्षे अधिक बोलकी वाटतात. ज्यांच्या हिंदुस्थानीवर पुढे लक्षावधी श्रोते लुब्ध झाले, त्यांना त्याच भाषेच्या परीक्षेत प्रथम नापास व्हावे लागले होते.

सायानी मुंबईचे, जन्म १९३२ चा. घरची भाषा गुजराती. वडीलबंधू हमीद हे इंग्रजी निवेदक. त्यांचे बोट धरून अमीन लहानपणीच मुंबई केंद्राच्या इंग्रजी कार्यक्रमांत शिरले. पुढे हिंदी निवेदनासाठी गेले तेव्हा, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, उच्चारांत गुजराती व इंग्रजीची छटा आहे म्हणून नकार मिळाला. दोष खराच होता. पण घरात त्यावर औषधही होते. मातोश्री कुलसुम सायानी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ हे पाक्षिक चालवीत. ते नवसाक्षरांसाठी असे. लिप्या तीन, देवनागरी, उर्दू व गुजराती, आणि भाषा एकच, साधी हिंदुस्थानी. या पत्राच्या कामात हातभार लावता लावता मुलाच्या जिभेला वळण लागले.

सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात तेव्हा रेडिओ सिलोनसाठी कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत. तेथे ‘ओव्हल्टीन फुलवारी’त जाहिरात वाचण्याची संधी अमीन यांना मिळाली. मोबदला म्हणावा तर आठवड्यास ओव्हल्टीनचा एक लहानसा डबा!

इकडे १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे जाणकार, आणि त्या संगीतासाठी त्यांनी केले ते थोडे नव्हे, हे आम्ही मोकळ्या मनाने मानतो. परंतु चित्रपटगीतांविषयी त्यांना मनस्वी तिटकारा. निर्मात्यांशी वाद झाला, आकाशवाणीवरून गाणी दिसेनाशी झाली, आणि श्रोत्यांनी आपल्या संचाचा काटा कोलंबोकडे फिरविला. युद्धकाळात दोस्तांच्या सैनिकांसाठी उभारलेले सिलोनचे प्रबळ प्रक्षेपक यंत्र साऱ्या हिंदुस्थानात ऐकू येई. रुची हुकुमाने घडत नाही, ती शेजारच्या घरी जाऊन बसते, हे मंत्रिमहोदयांना उमगावयास १९५७ उजाडले. त्या वर्षी ‘विविध भारती’ सुरू झाली.

३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लेखन, निवेदन आणि श्रोत्यांची पत्रे तपासणे, एवढ्या साऱ्याचे आठवड्यास २५ रुपये! अनुभवी मंडळी या वाटेस जाईनात. म्हणून हे काम विशीतल्या अमीन यांच्याकडे आले. सात गाणी वाजवावयाची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून धाडावयाचा, आणि बरोबर उत्तरास १०० रुपयांचे बक्षीस, असा तो खेळ होता. पहिल्याच कार्यक्रमास ९,००० पत्रे आली. पुढे आठवड्याची पत्रे ६५,००० वर गेली, तेव्हा ती तपासणे आटोक्याबाहेर गेले आणि स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी ऐकविण्याचा प्रघात पडला.