पेटींतून घरीं आलेलें पुस्तक



आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरच्या रेल्वेस्थानकाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत व कांहीं गुजराथेंत आहे, ही गंमत प्रवासी नेहमी सांगतात. मला मात्र तेथें उभें राहिलें कीं दुसरीच गोष्ट आठवते. पलीकडचा सोनगड-व्यारा हा मुलूख १९४९ पर्यंत बडोदें संस्थानांत होता. अलीकडचें नवापूर इंग्रजी अमलाखालील पश्चिम खानदेशांत. रान तेंच, आदिवासी वस्तीहि तीच. परंतु पुस्तक सामान्य माणसाच्या घरीं कसें पोंचावें, याविषयींचे दोन्ही राज्यांचे विचार निराळे होते.

इंग्रजी मुलखांत रत्नागिरीस १८२८ सालीं, नाशिकास १८४० सालीं व पुण्यास १८४८ सालीं ग्रंथालयें निघालीं. त्यांचे उपकार थोर आहेत. परंतु हा सारा व्यवहार मुख्यतः शहरांतील सुशिक्षितांचा व वर्गणीचा. ज्यानें वर्गणी भरावी, त्यानेंच पुस्तक न्यावें.

बडोद्याचे सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचे. १९०६ सालीं त्यांनीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. पण शाळा सुटल्यावर हातीं पुस्तक नसेल, तर शिकलेलीं अक्षरें पुसून जातात, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून १९१० सालीं बॉर्डन नांवाचे अमेरिकन ग्रंथपाल आणविले व स्वतःच्या संग्रहांतील सुमारें वीस हजार ग्रंथ लोकांस खुले केले. गांवास वाचनालय काढावयाचें असल्यास एक हिस्सा लोकांनीं, एक स्थानिक पंचायतीनें व एक सरकारनें द्यावा, असा नियम ठेवला. जेथें तेंहि शक्य नव्हतें, तेथें पुस्तकांनीं भरलेल्या लाकडी पेट्या गांवोगांव फिरूं लागल्या. त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. वाचकानें पुस्तकाकडे जावें, यापेक्षां पुस्तकानेंच वाचकाकडे यावें, हें या योजनेचें मर्म.

त्याचें मोल मी अनुभवानें जाणतों. मी केवळ मॅट्रिक. पन्नासएक वर्षांपूर्वीं वाचनालयाची अनामत भरण्याची आमची ऐपत नव्हती. शेजारच्या एका काकांनीं आपल्या नांवावर मला पुस्तकें आणूं दिलीं. माझें वाचून झालें कीं तें आई वाची, मग धाकटी बहीण. त्या दोघींनीं वाचनालयाची पायरी कधीं चढली नाहीं. पण पुस्तक घरीं आलें, म्हणून एकाचे तिघे वाचक झाले. शिवाय परत करण्याची तारीख डोक्यावर असे. विकतचें पुस्तक फळीवर निमूट वाट पाहतें. आणलेलें पुस्तक तगादा लावतें, आणि म्हणूनच तें वाचून होतें.

१९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला व ग्रंथालयांस सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. तथापि धडगांव-अक्कलकुव्याकडील डोंगरांतल्या पाड्यावरील मुलाला शहरांतील कपाटाचा काय उपयोग? त्याच्यासाठीं तीच जुनी पेटी आजहि हवी आहे. ती निघेल तेव्हां निघो. तोंवर ज्यांच्या घरीं वाचनालयाची वर्गणी चालू आहे, त्यांनीं एवढेंच करावें: ज्याला ती परवडत नाहीं, अशा एका मुलाला आपल्या नांवावर महिन्यास एक पुस्तक आणून द्यावें. माझ्या त्या काकांचें ऋण मी याच मार्गानें फेडीत आलों आहें.