न फुटलेला पान्हा

बाळंतपणांत अतोनात रक्त गेलें, तरी बाई वांचली. पण तिला पान्हा फुटला नाहीं. वर्ष उलटलें तरी ऋतु आला नाहीं. पुढें थंडी सोसेना, कांतडी कोरडी पडली, आवाज जड झाला, उठवेना. अशा स्त्रीला आळशी ठरविण्यास शेजारणींची गरज नव्हती. घरचींच माणसें पुरत.

या तक्रारींचें मूळ एक असूं शकतें, हें वैद्यकाला फार उशिरा उमगलें. हांबुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनीं १९१४ सालीं एका मृत स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. पूर्वीं बाळंतरोग झाल्यापासून तिचा ऋतु बंद होता. मेंदूच्या तळाशीं असणारी, वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि झिजून गेली होती. शोध मोठा खरा. परंतु कमालीची कृशता हें या रोगाचें मुख्य लक्षण मानलें गेलें, आणि डॉक्टर हाडांचे सांपळे शोधीत बसले!

ग्लासगोच्या प्रसूतिरुग्णालयांतील हॅरोल्ड शीहन यांनीं १९३७ सालीं बाळंतपणानंतर मृत्यु पावलेल्या स्त्रियांच्या ग्रंथि तपासून या नाशाचा संबंध रक्तस्रावाशीं जोडला. गरोदरपणीं ही ग्रंथि वाढते. एकाएकीं रक्तदाब कोसळला कीं तिच्या पुढल्या भागाला रक्त पुरत नाहीं व तो मरतो. स्तन्याला, ऋतूला आणि कंठांतील थायरॉईडला चालना देणारे रस तेथेंच तयार होतात. शीहन यांनीं मग वांचलेल्या स्त्रियांचा माग काढला. त्या बहुधा कृश नव्हत्याच! प्रसूतीच्या वेळीं काढलेले केस मात्र पुन्हां उगवले नव्हते.

अंगावर पाजणाऱ्या आईचा ऋतु कांहीं महिने लांबणें स्वाभाविकच आहे. तसेंच, प्रसूतीनंतर केवळ थायरॉईडचाच दाह होऊं शकतो. जपानांत नोबुयुकी आमिनो यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तो स्पष्ट केला. हा भेद उपचारांतही महत्त्वाचा ठरतो. पिट्यूटरीच निकामी असेल तर कॉर्टिसोलची उणीव अगोदर भरून काढावी लागते. नुसती थायरॉईडची गोळी जिवावर बेतूं शकते.

श्रीमंत देशांत हा रोग विरळा झाला. काश्मीरमध्यें मात्र २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत विशीपुढील स्त्रियांत त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ३ आढळलें. त्यांपैकीं जवळ जवळ दोन-तृतीयांश स्त्रिया घरींच बाळंत झाल्या होत्या.