राजापूरच्या गंगेचा नेम

चांदा-गडचिरोलीकडच्या माणसाला ऊन पाण्याचा झरा पाहायचा, तर पैनगंगेच्या काठाने वर उनकेश्वरला जावे लागते. तेथील लोक शरभंग ऋषींची कथा सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ खडकातील खोल भेगेकडे बोट दाखवतात. ते पाणी मात्र बारमाही. कोकणात राजापूरजवळ उन्हाळे येथे अवतरणारी गंगा तशी नव्हे. ती मोठी लहरी.

ती दर तीन वर्षांनी येते, असे आपण ऐकत आलो. चौदा कुंडे एकाएकी भरतात, वडाच्या मुळाशी पाणी खळखळते, यात्रा लोटते आणि दोनतीन महिन्यांत सारे पुन्हा कोरडे. पण हा नेम अनादि नाही. 1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरात म्हटले आहे की, 1821 पर्यंत हा प्रवाह अखंड होता. त्या वर्षी तो खुंटला आणि पुढे अनियमित झाला. ही नोंद खरी धरली, तर 1794 त निवर्तलेल्या मोरोपंतांनी जिच्यावर गीतिमाला रचली ती गंगा बारमाही होती!

झरे असे बदलतात. आइसलंडमधील ‘गेसिर’ हा उसळत्या झऱ्यांचा मूळपुरुष. 1896 च्या भूकंपाने तो जागा झाला, 1916 च्या सुमारास जवळजवळ निजला. 1935 त कुंडाच्या काठाला चर खणून पाण्याची पातळी उतरवली, तेव्हा पुन्हा उसळला. तेथे पाणी वर फेकते ती खालच्या उकळत्या पाण्याची वाफ. राजापूरला वाफ नाही. तेथे खडकाच्या पोटात पाणी साठत जाते व वाकड्या नळीसारख्या भेगेच्या माथ्यापर्यंत चढले, की सारा साठा ओढला जाऊन बाहेर पडतो, असा तर्क आहे. मला तो पटतो. भेग थोडी रुंदावली वा बुजली, तरी वेळापत्रक बिघडणारच. 1819 च्या कच्छच्या भूकंपाशी 1821 चा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण मध्ये दोन वर्षे आणि शेकडो मैल आहेत, तेव्हा तो आवरावा.

2019 आणि 2020 अशा लागोपाठच्या उन्हाळ्यांत गंगा आली, तेव्हा नेम मोडला म्हणून पुष्कळांना नवल वाटले. जवळच्या ऊन पाण्याच्या कुंडात मात्र पाणी नेहमीसारखेच वाहत होते.