सोळा पिंड आईचे

महाराष्ट्रात बाई गेली की तिला कसं सजवायचं हे ठरतं ते तिच्या नवऱ्यावरून. तो हयात असेल तर ती अहेवपणी गेली, भाग्याची ठरली. मग तिला न्हाऊ घालून हिरवी साडी नेसवायची, तीही शक्यतो माहेरहून आलेली. हातात चुडा, कपाळभर मळवट, ओटीत खण-नारळ. आळीतल्या सवाष्णी येऊन तिला हळदकुंकू लावतात, पाया पडतात. नवरा आधी गेलेला असेल तर यातलं काही नाही: साधं लुगडं आणि कोरं कपाळ. तिने किती मुलं वाढवली, कुणाची आजारपणं काढली, याची कसलीच खूण तिरडीवर नसते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंत्यविधीने निरोप दिला तो बायकोला, सौभाग्यवती म्हणून किंवा विधवा म्हणून. आईला आई म्हणून निरोप देण्याची जागा परंपरेत होती, पण ती घरापासून आणि गावच्या स्मशानापासून फार दूर होती, असं माझं मत आहे.

पितृपक्षातली अविधवा नवमी पाहावी. भाद्रपद वद्य नवमीला अहेव गेलेल्या आईसाठी श्राद्ध करून सवाष्ण जेवायला घालतात. पुष्कळ घरांत वडील वारले की ही नवमी बंद होते. आई तीच, मुलगा तोच, तिचे उपकारही तेच. पण तिच्या नावचा तो दिवस वडिलांच्या श्वासावर टिकून होता. यावर कुणी म्हणेल की आईची वर्षश्राद्धाची तिथी तर राहतेच, आणि श्राद्धात तिला वेगळा पिंड असतो. हे खरं आहे. मात्र तो पिंड आई, वडिलांची आई आणि वडिलांची आजी या ओळीतला असतो. तिथे ती उभी असते सासरच्या गोत्राची म्हणून. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हिरवी साडी, मळवट ही माया आहे, त्यात दर्जा कसला शोधायचा? सजवणाऱ्या हातांत माया असते, याबद्दल शंका नाही. पण केवळ मायाच असती तर विधवा आईच्या वाट्याला ती का येऊ नये? अनेकदा तिनेच तर मुलांना एकटीने मोठं केलेलं असतं.

आता गयेकडे वळू. तिथे मातृषोडशी नावाचा विधी आहे: एकट्या आईसाठी सोळा पिंड. प्रत्येक पिंडाबरोबर तिचं एकेक कष्ट सांगायचं. महिन्यामहिन्याने वाढत गेलेलं ओझं, प्रसूतीच्या वेणा, बाळंतपणानंतर शेकाने सुकवलेलं अंग आणि उपास, गिळलेली कडू औषधं, बाळाने रात्री ओल्या केलेल्या अंथरुणात काढलेली झोप, भुकेल्या मुलासाठी झालेला जिवाचा तळमळाट. या यादीत नवरा नाही, कुंकू नाही, गोत्राचा तोरा नाही. शरीराने सोसलेलं तेवढं आहे, आणि ते मुलाने मोठ्याने उच्चारायचं आहे. असा तपशीलवार, इतका उघडा कृतज्ञतेचा विधी आपल्या घरच्या दहाव्या-बाराव्याला सापडत नाही. गयेचं आजचं विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ च्या सुमारास उभारलं. पश्चिमेकडे गुजरातेत सिद्धपूर आहे, मातृगया म्हणून नावाजलेलं. कपिल मुनींनी आपल्या आईला, देवहूतीला, बिंदुसरोवराकाठी ज्ञान दिलं या कथेमुळे तिथे फक्त आईचं श्राद्ध करतात. हे गाव पुढे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होतं, त्यामुळे मराठी माणसाला ते परकं नव्हतं.

पण गयेला जाणार कोण? ज्याच्या गाठीला पैसा आणि हाताशी भटजी, तोच. शेतकरी, बलुतेदार, दलित घरांतल्या आयांना सोळा पिंड क्वचितच मिळाले, आणि लेकीला तर रूढीने तो अधिकारच दिला नव्हता. म्हणून दुसरा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो: जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आईविना माहेर उरत नाही, हे दुःख त्यांत पुन्हा पुन्हा येतं. स्मशानात जायला बंदी असलेल्या लेकींनी आपला निरोप पहाटे पीठ दळताना दिला, तोही वर्षानुवर्षं. विधीने त्यांना जागा दिली नाही, तेव्हा त्यांनी ती रोजच्या कामात करून घेतली.

लेकीने आईचा विधी करणं शास्त्राने अडवलं होतं, असंही पुरतं म्हणता येत नाही. मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत निर्णयसिंधू लिहिला; पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू १७९० चा. या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत अंत्यकर्माच्या अधिकाऱ्यांत मुलगा पहिला असला, तरी पुत्र नसताना पत्नी आणि कन्या यांनाही क्रमाने स्थान आहे. रूढीने ते स्थान झाकून टाकलं. १८९० मध्ये जोतीराव फुले गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून वाद झाला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं विस्तवाचं मडकं, धरलं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आज शहरांत लेकी आईला अग्नी देतात आणि भटजी मंत्र सांगतात. फारसं कुणी हरकत घेत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो मनापासून पाळला गेला, तर त्या बाईच्या स्वतःच्या मरणातही फरक पडायला हवा: तिची मुलं तिला तिच्या आवडीच्या रंगाची साडी नेसवतील आणि कपाळ कोरं ठेवायचं की नाही हे कुणाला विचारणार नाहीत.