टूम ऑफ हॉरर्स

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळासाठी गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) यांनी रचलेले भुयारी साहस. १९७५ मध्ये बाल्टिमोर येथील ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात ते स्पर्धेसाठी खेळवले गेले. टीएसआर कंपनीने १९७८ मध्ये पुस्तिकारूपात काढले. आपली पात्रे अजिंक्य आहेत अशा घमेंडीत असलेल्या मुरलेल्या खेळाडूंची परीक्षा घेणे, हा गायगॅक्स यांचा उघड हेतू होता.

असेरेरॅक या मृत मांत्रिकाच्या थडग्यात राक्षस मोजकेच, सापळे मात्र पावलोपावली. प्रवेशद्वारे तीन, त्यांतली दोन फसवी. खऱ्या मार्गिकेच्या टोकाला भिंतीवर हिरव्या सैतानाचा आ वासलेला चेहरा आहे. तोंडातला काळोख भुयाराची वाट वाटतो. पण त्यात शिरणारे पात्र कायमचे नष्ट होते. पात्राची ताकद कितीही असो, फाशांचा कौल कसाही पडो, सुटका नाही. वाचवते ती फक्त खेळाडूची सावधगिरी : आधी काठी घालून पाहणे, जमिनीवरच्या कोड्याचा अर्थ लावणे. खेळाडूंना त्या त्या जागी दाखवण्यासाठी चित्रांची वेगळी पुस्तिकाही सोबत होती, आणि ही कल्पना आजही अनुकरणीय ठरावी.

काही सापळ्यांची पूर्वसूचनाच मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. नवशिक्या रचनाकाराने कोड्यांची बांधणी येथून जरूर घ्यावी, हा क्रूरपणा घेऊ नये. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार हे साहस २०१७ मध्ये ‘टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल’ या संग्रहात पुन्हा प्रसिद्ध झाले.