अंधारातला दैत्य आणि वऱ्हाडातल्या दोन कथा

‘रामायण’ मालिकेने (२५ जानेवारी १९८७ पासून) रविवारची सकाळ ताब्यात घेतली, त्याच्या थोडे आधीच्या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका दाखवली जाई. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘इन्सॅट-१बी’ हा उपग्रह अवकाशात गेला आणि लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांच्या आधारे दिल्लीचे कार्यक्रम जिल्ह्याच्या गावांपर्यंत येऊ लागले. अवकाशयानाची गोष्ट आमच्यापर्यंत पोहोचली तीही अशी अवकाशाच्याच वाटेने. आम्हां दोघांपैकी एकाचे बालपण अमरावतीत गेले, दुसऱ्याचे अकोल्यात. अनुभव मात्र एकच. शेजाऱ्यांची बैठक, कृष्णधवल पडद्यावरच्या मुंग्या, अँटेना फिरवायला गच्चीवर चढलेला कोणी दादा आणि खालून ‘आलं, आलं, राहू दे’ असा पुकारा. इंग्रजी संवाद कोणालाच कळत नसत. कळत असे ते टोकदार कानांच्या स्पॉकचे गंभीर मौन.

अलीकडे आम्ही या मालिकेतला ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग नव्याने पाहिला. ९ मार्च १९६७ रोजी तो अमेरिकेत प्रथम प्रक्षेपित झाला. लेखक जीन कून, दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी. जेनस-६ नावाच्या ग्रहावर पर्जियम या खनिजाची खाण आहे. खाणीच्या बोगद्यांत एक अज्ञात प्राणी माणसांना जाळून मारतो आहे आणि बळींची संख्या पन्नासच्या वर गेली आहे. कॅप्टन कर्क आणि स्पॉक त्याच्या पारिपत्यासाठी येतात. हा प्राणी, हॉर्टा, सिलिकॉनवर आधारलेला, म्हणजे जणू दगडाचाच जीव असतो. स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडतो आणि उलगडा होतो तो असा : ती एक आई आहे. पन्नास हजार वर्षांतून एकदा तिची सारी जमात मरते, एकटी ती मागे उरते आणि पुढच्या पिढीची अंडी राखते. खाणकामगारांनी खनिजाचे निरुपयोगी गोळे समजून जी हजारो अंडी फोडली, ती तिचीच होती.

आजच्या डोळ्यांना हा प्राणी रबराच्या जाड गोधडीसारखा दिसतो. आत जानोस प्रोहास्का हा कलावंत रांगत होता. पण पहिले हसू ओसरले की ती गोधडी विसरायला होते. कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर यांच्या वडिलांचे निधन याच भागाच्या चित्रीकरणादरम्यान झाले, ही गोष्ट माहीत असली तर काही दृश्ये अधिकच जड वाटतात.

हा भाग पाहताना आम्हांला आपल्याच मुलखातली एक जुनी कथा आठवल्यावाचून राहिली नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सर्वांना ठाऊक आहे. लोणासुर नावाचा दैत्य तिथे भूमीखाली दडून लोकांना छळत असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेऊन दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढला, भुयारावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि त्याचा वध केला. सरोवराचे खारे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर या कथेची साक्ष देत उभे आहे. या कथेत दैत्याच्या बाजूने कोणीच बोलत नाही. तो भुयारात का राहत होता, हेही कोणी विचारत नाही. विज्ञानाने सांगितलेली हकीकत निराळीच. हे विवर ज्वालामुखीचे असावे असा समज दीर्घकाळ होता. १९७०च्या दशकात इथल्या बेसाल्ट खडकातील काचरूप खनिजांचा अभ्यास झाला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झाला, हे निश्चित झाले. आपण ज्याला जमिनीखाली शोधत होतो, तो पाहुणा आकाशातून आला होता.

दुसरी कथा पुराणातली नाही. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव–पांढरकवडा परिसरात ‘टी-१’ या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. प्रकरण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; न्यायालयांनी वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. तिच्यामागे दोन बछडे होते. त्यांपैकी मादी बछड्याला डिसेंबरमध्ये पकडून पेंचला नेण्यात आले. शहरांतून तिला ‘अवनी’ या नावाने ओळखले गेले, तिच्यासाठी मोर्चे निघाले. मेलेल्या तेरा माणसांची नावे मात्र त्या शहरांत फारशी कोणाच्या ओठी आली नाहीत.

म्हणून ‘हॉर्टाला समजून घ्या’ एवढाच बोध काढून या भागाला टाळी देणे आम्हांला सोपे वाटत नाही. या कथेतील समेट दोन सोयींवर उभा आहे. एक, मन वाचणारा स्पॉक हाताशी आहे. दोन, हॉर्टाची पिल्ले बोगदे खणतात आणि त्यातून कामगारांचा लाभच होतो. आमच्या रानात स्पॉक नाही, आणि वाघिणीचे पिल्लू गुराख्याला काही मिळवून देत नाही. शिवाय त्या पन्नास कामगारांच्या घरच्यांचे काय झाले, हे ती कथाही सांगत नाही. शेवटी सगळे हसतमुख आहेत.

तरीही एक तपशील आमच्या मनातून जात नाही. खाणीच्या प्रमुखाच्या टेबलावर त्या गोळ्यांपैकी एक शोभेची वस्तू म्हणून ठेवलेला असतो. स्पॉकचे लक्ष त्याच्याकडे जाते ते मन वाचण्याच्या कितीतरी आधी. पुरावा रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. विचारले कोणीच नव्हते. म्हणजे तिथे अलौकिक शक्तीची उणीव नव्हती, साध्या चौकशीची होती. आम्हांला या भागाचे मोल वाटते ते इथे. हत्यार उचलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारता येतात : हा जीव कशाची राखण करतो आहे? आणि ज्याला त्याच्या वाटेला जावे लागते, त्या माणसाला तिथवर कोण ढकलते आहे? पहिला प्रश्न हॉर्टाचा आणि वाघिणीचा. दुसरा पन्नास कामगारांचा आणि तेरा गावकऱ्यांचा. शहराने पहिला विचारला, गावाने दुसरा. दोन्ही प्रश्न एकाच तोंडाने विचारणारी कथा वऱ्हाडात अजून लिहायची राहिली आहे.